तपकिरीची युक्ती

"आ कर," आई म्हणाली.

तिच्या तळहातावर माझी संध्याकाळची गोळी होती. पिवळसर, मसुराच्या डाळीएवढी. मी तिशी उलटलेली बाई, नवऱ्याच्या घरून परत आलेली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी राहून लहान पोरीसारखं तोंड उघडलं. आईनं गोळी जिभेवर ठेवली, वर पाण्याचा तांब्या दिला.

"गिळलीस?"

"गिळली."

"जीभ वर कर बघू."

जीभही वर केली. मागे ओट्याशी माझ्या भावजयीची, गिरिजाची आई उभी होती, सुलोचनाबाई. बाळंतिणीसाठी डिंक तळत होत्या. त्यांनी ते सगळं बघितलं आणि झाऱ्यातला डिंक निथळत म्हणाल्या, "अजून चालूच आहेत का हो हिच्या डोक्याच्या गोळ्या?"

"सुटत आल्या," आई म्हणाली. "बारशापर्यंत बघा तुम्ही."

मला वाटलं, इज्जत राखायला थाप मारतीय.

जयसिंगपूरचं आमचं घर. आप्पा, आई, धाकटा भाऊ उल्हास, गिरिजा आणि मी. गिरिजाचं माहेर जतकडं. उन्हाळ्यात तिथं पाण्याची बोंब, म्हणून पहिलं असूनही बाळंतपण आमच्याकडेच झालं. मुलगा झाला. बाराव्या दिवशी बारसं. आणि बारशाला आत्या लागते.

आत्या मीच. सख्खी एकच. पण मुलगा झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी सुलोचनाबाईंनी विषय काढला होता. मला ऐकू जाईल अशा बेतानं, मला सोडून सगळ्यांना त्या म्हणाल्या, "चुलत आत्या आहे की मंदाकिनी. नांदती आहे, लेकुरवाळी आहे. तिच्याकडून करू. हिला मध्येच काही झालं म्हणजे?"

मला आग लागली. म्हटलं, "काय होणार आहे? पाळण्यात वाकायचं, कानात नाव सांगायचं. त्याला काय पैलवान लागतोय?"

"तसं नव्हे गं."

"मग कसं?"

उल्हास खाली बघत बसला. गिरिजानं बाळाचं टोपडं सारखं केलं. शेवटी आईच म्हणाली, "माझी पोरगीच नाव ठेवणार. तिला काही होत नाही. मी जिम्मा घेते."

तेव्हा आईच्या पाया पडावंसं वाटलं होतं मला. काय मूर्ख होते!

मला काय होत होतं ते सांगते. गडहिंग्लजला सासरी असताना एकदा भर बाजारात, हातात कोथिंबिरीची जुडी, आणि एकाएकी छातीत धडधड सुरू झाली. श्वास पुरेना, तळवे ओले, पायाखालची जमीन सरकल्यासारखी. मी मरते आहे असंच वाटलं. लोकांनी पाणी पाजलं, दवाखान्यात नेलं. हृदय ठणठणीत. मग ते वरचेवर व्हायला लागलं. मग होईल-होईल या भीतीनं मी बाजार सोडला, देऊळ सोडलं, शेवटी उंबरा सोडला. सासूनं अंगारे लावले, लिंबू उतरवलं, आणि एक दिवस नवऱ्याच्या मामांबरोबर मला माहेरी पोचती केली. बोचक्यासकट.

मिरजेचे डॉक्टर वाळिंबे भेटले म्हणून मी माणसात आले. त्यांनी ना हसण्यावारी नेलं, ना घाबरवलं. म्हणाले, "दारात कुत्रं बांधलंय समजा. चोर आला की ते भुंकतं. तुमचं कुत्रं पान हललं तरी भुंकतंय. चोर नाही, पण भुंकणं खरं आहे. नाटक नव्हे हे, आजार आहे, आणि बरा होतो." दोन गोळ्या दिल्या. सकाळची एक, तिचा गुण यायला काही आठवडे लागतात म्हणाले. आणि संध्याकाळची ही छोटी, कुत्र्याला गप्प बसवणारी. शिवाय दर आठवड्याला समोर बसवून श्वासाचे धडे, आणि आज कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत जा, उद्या स्टँडपर्यंत जा, असा अभ्यास. वर्षभरात मी एकटी मिरजेला जाऊन येऊ लागले. शेजारणींच्या साड्यांना फॉल लावून स्वतःचा खर्च भागवू लागले.

छोट्या गोळीबद्दल त्यांनी आईला समोर बसवून बजावलं होतं. "ही घरच्या माणसानं जपून ठेवायची आणि मोजून द्यायची. हिची शरीराला सवय लागते. म्हणून पुढं-मागं कमी करायची झाली तर मी सांगेन तशी, पाव-पाव करत, हळूहळू. एकदम बंद केली तर फिट येऊ शकते. कळलं का आई?"

"कळलं की," आई म्हणाली होती.

तिला कळलं ते एवढंच, की सवय लागते. पुढचं तिच्या कानात शिरलंच नाही. का, ते सांगायला तपकिरीची गोष्ट सांगावी लागेल.

आप्पांना तपकिरीचं व्यसन होतं. सगळे उपाय थकले. मग आईनं काय केलं, नाचणी करपेपर्यंत भाजली, वस्त्रगाळ दळली आणि तपकिरीच्या डबीत चिमूट-चिमूट मिसळायला लागली. तपकीर कमी, नाचणी जास्त. असं करता करता वर्ष लोटलं. दिवाळीच्या फराळाला सगळे पाहुणे जमलेले, आप्पांनी डबी काढली, ऐटीत चिमूट ओढली, आणि आई म्हणाली, "काय हो, नाचणी झोंबतीय का?" घर डोक्यावर घेतलं लोकांनी. आप्पा एवढे ओशाळले की त्यांनी डबी गटारात टाकली. पुन्हा शिवली नाही. तेव्हापासून आमच्या भावकीत कुणाला कसलं व्यसन लागलं की लोक म्हणायचे, जयसिंगपूरच्या काकूंकडं पाठवा. आई ती गोष्ट प्रत्येक लग्नात, प्रत्येक डोहाळजेवणात सांगायची. तिच्या आयुष्यात टाळ्या पडलेली ती एकच गोष्ट होती.

तर बाळ जन्मलं त्या आठवड्यात आईनं माझ्या संध्याकाळच्या गोळ्या पाकिटातून सोलून काढल्या आणि हिंगाच्या रिकाम्या पिवळ्या डबीत भरल्या.

"हे कशाला?" मी विचारलं.

"पाव्हणे येणार. पाकिटावरचं नाव वाचलं कुणी म्हणजे चार तोंडं होतील. शिवाय तुझ्या सासरच्या मामांना बोलावलंय."

"त्यांना कशाला?"

"कशाला म्हणजे? तुला असं हसत-खेळत बघितलं, गोळ्या-बिळ्या काही नाहीत म्हटलं, की नेतील की परत. का जन्मभर भावाच्या दारात फॉल लावत बसणार आहेस?"

मला परत जायचं नव्हतं. पण आत्या व्हायचं होतं. त्या घरात माझं काहीतरी आहे, असं म्हणायला एवढंच उरलं होतं. आत्या म्हणून नाव ठेवलं की ते पोर जन्मभर मी ठेवलेलं नाव लावणार होतं, कुणी काही म्हणो. नाव मी ठरवून ठेवलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, आत्यानं सांगायचंही नसतं. म्हणून मी गप्प बसले.

दोन-तीन दिवसांत झोप उडाली. नंतर हात थरथरायला लागले, सुईत दोरा जाईना. भांडं पडलं तरी अंगावर वीज पडल्यासारखं दचकायला व्हायचं. उजेड डोळ्यांना खुपायचा. मळमळ, घाम. हे माझं जुनं दुखणं नव्हतं. त्याला मी ओळखत होते, त्याचं येणं-जाणं मला पाठ होतं. हे काहीतरी वेगळंच होतं, हाडांच्या आत मुंग्या सोडल्यासारखं.

"आई, काहीतरी चुकतंय गं," मी म्हटलं. ती बारशाच्या घुगऱ्यांचे हरभरे निवडत होती.

"काय चुकतंय?"

"गोळी लागूच पडत नाही. हात बघ."

तिनं हात बघितला. बराच वेळ बघितला. मग म्हणाली, "मन घट्ट कर."

"मनाचं नाही गं हे."

"सगळं मनाचंच असतं. आप्पांचं तेच होतं. चार दिवस कळ काढ. बारशाला तुला एक गंमत सांगणार आहे मी. सगळ्यांसमोर." आणि हसली. खरंच हसली, पोरीसारखी.

मी डॉक्टरांना फोन लावला. माजघरात फोन, भोवती पाहुण्या बायका, म्हणून तोंडावर पदर धरून बोलत होते. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "छोटी गोळी चालू आहे ना? बंद केली नाही ना कुणी?"

"नाही डॉक्टर. आई रोज स्वतः देते."

"नक्की?"

"जिभेवर ठेवते."

"मग हे असं व्हायला नको. उद्या येऊन जा. टाळू नका. गोळ्या बरोबर आणा, मला बघू द्या."

उल्हासला म्हटलं, मला उद्या मिरजेला सोड. तो आचाऱ्याशी बासुंदीचं बोलत होता.

"उद्या? ताई, रविवारी बारसं! सोमवारी जाऊ की."

"डॉक्टर म्हणतात टाळू नका."

तेवढ्यात सुलोचनाबाई दारात आल्या. "काय झालं? बरं नाही का विजूला?" आवाजात एवढी काळजी, की साखरेला मुंग्या लागाव्यात. "बरं नसेल तर राहू दे हो. मंदाकिनीला सांगून ठेवते मी."

मी उल्हासकडे बघितलं. तो माझ्याकडे. आई हरभऱ्यांतून मान वर करून माझ्याकडे.

"मला काही झालेलं नाही," मी म्हटलं. "सोमवारी जाऊ."

रविवारी दारात मांडव, केटरिंगच्या बाकांवर बायकांची गर्दी, मंगल कार्यालयातून भाड्यानं आणलेला उंच पितळी पाळणा, त्याला झेंडूच्या माळा. मला आईनं तिची मोरपंखी इरकल नेसवली. निऱ्या करताना माझे हात बघून तीच करत होती सगळं.

"ही आत्ताच बांधून ठेव," म्हणत तिनंच हिंगाच्या डबीतली एक गोळी काढून माझ्या रुमालाच्या कोपऱ्यात बांधली आणि रुमाल कमरेला खोचला. "ओट्या भरता भरता उशीर होईल. संध्याकाळची विसरशील."

"आई, मला भीती वाटतीय. खरंच बरं वाटत नाही."

"माझी अब्रू घालवू नकोस विजू." तिनं माझी हनुवटी धरली. "सासरचे मामा पुढच्याच खुर्चीवर बसलेत. उभी राहा नीट. मग बघ मी सगळ्यांना कशी गंमत सांगते ते."

इथून पुढचं मला थोडंच आठवतं. 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत बायकांनी बाळाला पाळण्याच्या वरून-खालून फिरवलं. माझ्या हातात आलं तेव्हा मी ते इतकं घट्ट धरलं की गिरिजा म्हणाली, "ताई, हळू." मग बाळ पाळण्यात ठेवलं. मी वाकले. त्याच्या कानाला वेखंडाचा वास होता. मागे बायका गोळा झाल्या. आत्या कानात नाव सांगते तेव्हा तिच्या पाठीत धपाटे घालायचे, अशी रीतच आहे आमच्याकडं. जेवढा मान, तेवढे धपाटे. मी 'कुर्रर्र' म्हणायला तोंड उघडलं, पहिला धपाटा बसला, आणि दिवे गेले.

दिवे गेले नव्हते. मीच गेले होते.

बाकीचं मी नंतर कॅसेटवर बघितलं. उल्हासनं शूटिंगवाला लावला होता. त्यात दिसतं ते असं. मी वाकलेली, आणि पाठीत धपाटे घालणाऱ्या बायका. माझं अंग ताठ होतं. मान एका बाजूला वळते. मग मी हिसके द्यायला लागते. बायकांना वाटतं धपाट्यांनी हलतीय, नाहीतर नखरे करतीय. त्या आणखी जोरात मारतात. मंदाकिनीचा आवाज स्पष्ट ऐकू येतो, "बघा बघा, आत्याच्या अंगात आलं!" सगळ्या हसतात. शूटिंगवालाही हसतो, कॅमेरा हलतो. मारतायत, हसतायत, आणि मी त्यांच्या खाली फिटमध्ये. मग मी पाळण्यावर कोसळते, तो उंच पाळणा कलंडतो आणि बाळ फरशीवर पडतं.

त्यानंतरचा आवाज मी एकदाच ऐकला. पुन्हा आवाज बंद करूनच बघितलं.

सगळं घर बाळाकडे धावतं. कुणी म्हणजे कुणी माझ्याकडे येत नाही, मी फरशीवर एकटीच थडथडत असते, तोंडातून रक्त. एकटी आई उभी असते. ती बाळाकडे बघते. मग माझ्याकडे बघते. आणि मग वळते, आणि ना बाळाकडे जाते, ना माझ्याकडे. स्वयंपाकघरात जाते.

ती कशाला गेली, ते मला दवाखान्यात कळलं.

बाळाच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. लहान जीव, महिन्याभरात सांधलं, आज काही खूणही नाही. पण त्या दिवशी हे कुणाला माहीत? गिरिजाचा आक्रोश दोन खोल्यांपलीकडून ऐकू येत होता. मी शुद्धीवर आले तेव्हा माझी जीभ तोंडात मावत नव्हती. दातांखाली येऊन अर्धी कापली गेली होती. टाके घातलेले. बोलायचा प्रयत्न केला तर नुसता घोगरा आवाज आणि रक्ताची चव. जिचं तोंड गावात प्रसिद्ध, तिचं तोंड देवानं नेमकं त्या दिवशी शिवून टाकलं.

डॉक्टर वाळिंबे आले. सोबत उल्हास, सुलोचनाबाई, दाराशी सासरचे मामा, आणि आई.

"हिची गोळी कुणी बंद केली?" डॉक्टरांनी आल्या-आल्या विचारलं.

नर्सनं माझ्या कमरेचा रुमाल त्यांच्या हातात दिला. त्यांनी गाठ सोडली, गोळी उजेडात धरली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ही माझी गोळी नव्हे. ही गरोदर बायकांना सुरुवातीला देतात, ती गोळी आहे. फॉलिक ॲसिड."

ती गोळी माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर होती. तिला हिंगाचा वास येत होता. तेव्हा मला उलगडलं. गिरिजाच्या पहिल्या महिन्यांतलं उरलेलं पाकीट फळीवरच पडलेलं असायचं. रंग सारखा, आकार सारखा. नवऱ्यानं टाकलेली, मूल नसलेली मी, आठ-दहा दिवस माझ्या आईच्या हातून गरोदरपणाच्या गोळ्या खात होते. जीभ वर करून दाखवत होते. ही होती गंमत, जी ती सगळ्यांसमोर सांगणार होती. बघा, हिची गोळी मी कधीच सोडवली, हिला पत्तासुद्धा नाही! आणि लोक टाळ्या पिटणार होते.

तपकिरीसाठी तिनं वर्ष घेतलं होतं. माझ्यासाठी तिच्याकडं तेवढा वेळ नव्हता. बारसं तोंडावर आलं होतं.

"घरात ठेवलेल्या गोळ्या बघू," डॉक्टर म्हणाले.

उल्हास गाडीवर जाऊन डबी घेऊन आला. डॉक्टरांनी झाकण उघडलं, गोळ्या तळहातावर ओतल्या. खऱ्या. सगळ्याच्या सगळ्या खऱ्या. आमची आई काही टाकून देणारी बाई नव्हती. माझ्या गोळ्या तिनं मेथीच्या डब्यात पुडी बांधून ठेवल्या असणार. मी फरशीवर तडफडत होते तेव्हा ती त्या परत हिंगाच्या डबीत भरत होती.

"या तर बरोबर आहेत," डॉक्टर म्हणाले. त्यांनी आईकडं बघितलं. "रोज तुम्हीच देत होता ना?"

मी आईकडे बघत होते. तिचे ओठ पांढरे पडले होते. मला वाटलं, आता बोलेल. चुकले म्हणेल. कितीही झालं तरी आई आहे.

आई म्हणाली, "मी देत होते डॉक्टर, रोज देत होते. पण हीच लबाड. गिळल्यासारखं करायची. हिनंच गिरिजाच्या गोळ्या चोरून रुमालात बांधून ठेवल्या असतील. पोर नाही ना हिला. त्याचं घेतलंय डोक्यात."

सुलोचनाबाईंनी पदर तोंडाला लावला. "अगं बाई! म्हणजे मुद्दाम पाडलं की काय बाळाला?"

मी उठायला बघितलं. तोंडातून काहीतरी आवाज निघाला, जनावरासारखा. नर्सनं खांदे दाबून धरले. मी बोटानं आईकडं दाखवत होते, रुमालाकडं दाखवत होते, नाकाकडं दाखवत होते. वास घ्या, वास घ्या!

"बघा," आई म्हणाली आणि रडायला लागली. "बघा कशी करतीय."

डॉक्टरांना शंका होती. त्यांनी माझ्या उशाशी बसून सांगितलं, "बोलता यायला लागलं की मला सांगा." पण बोलता येईस्तोवर आमच्या घरात निकाल लागून गेला होता. सासरचे मामा घुगऱ्यासुद्धा न खाता गेले होते, पुढच्या महिन्यात वकिलाची नोटीस आली. त्याचं मला काडीचं वाईट वाटलं नाही. बाळाचं नाव नंतर मंदाकिनीनं ठेवलं, ओंकार. मी सांगितलं तेव्हा उल्हास म्हणाला, "ताई, आई असं कशाला करेल? तुला त्या फिटमध्ये भास झाला असेल." कॅसेट दाखवली, तर म्हणाला, "आई पाणी आणायला गेली असेल." आप्पांना मी एकटं गाठलं. त्यांनी ऐकून घेतलं, नकळत रिकामी चिमूट नाकाशी नेली, आणि उठून गेले. त्यांना कळलं होतं. त्यांच्याएवढं दुसऱ्या कुणाला कळणार? पण चाळीस वर्षं त्या बाईच्या हातचं खाल्लेला माणूस, तो काय बोलणार.

मी मिरजेला खोली घेतली. डॉक्टरांनी संध्याकाळची गोळी, बरं वाटायला लागल्यावर, पाव-पाव करत महिनोन्महिने लावून सोडवली. सुटली. काही झालं नाही, हात थरथरला नाही, झोप उडाली नाही. सकाळचीही पुढं सुटली. माझं ब्लाउजचं दुकान आहे आता, हाताखाली दोन बायका आहेत. ओंकार कॉलेजात आहे. रस्त्यात दिसला तर नमस्कार करतो, लांबूनच. मी ठरवलेलं नाव अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आणि आई माझ्याकडे असते.

आप्पा गेले. मागच्या साली आईला हृदयाचा झटका आला. गिरिजाला जमेना, उल्हासला वेळ नाही. मग त्यांना सख्खी बहीण आठवली. मी म्हटलं, आणून सोडा. तिच्या गोळ्या फार महत्त्वाच्या आहेत, डॉक्टर म्हणाले, एकही दिवस चुकता कामा नये. ती रक्त पातळ करायची तर नाहीच नाही. मी चुकवत नाही. स्वतः दुकानातून आणते, तारीख बघते, पाकीट बघते. मग आत स्वयंपाकघरात जाऊन गोळ्या पाकिटातून सोलते आणि हिंगाच्या पिवळ्या डबीत भरून बाहेर आणते.

पहिल्या दिवशी तिनं गोळी तळहातावर घेतली. उलटी केली, सुलटी केली. नाकाशी नेली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "विजू, खरीच आहे ना गं?"

एवढी वर्षं मी ते ऐकायला थांबले होते. ना दवाखान्यात, ना आप्पांच्या दिवसांत, कधीच कबूल झाली नाही ती. आणि आता स्वतःच्या तोंडानं विचारत होती.

"म्हणजे? गोळीत खरी-खोटी काय असतं आई?"

"तसं नव्हे..."

"मग कसं? सांग की."

तिनं तोंड मिटलं. आजतागायत मिटलेलंच आहे. ती एक वाक्य बोलली तर मी पाकीट तिच्यापुढं ठेवीन, हे तिला माहीत नाही. ती बोलत नाही, मी दाखवत नाही.

हल्ली गोळीची वेळ जवळ आली की तिचे तळवे ओले होतात. पदर सारखा करते, दाराकडं बघते. काल म्हणाली, "छातीत धडधडतंय गं. श्वास पुरत नाही. आता जातीय बघ मी." हृदयाच्या डॉक्टरांनी तपासलं, हृदय ठीक आहे म्हणाले. ठीक असणारच. ते काय आहे, ते मला त्यांच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. डॉक्टर वाळिंबे अजून दवाखान्यात बसतात, आमच्या गल्लीपासून चार पावलांवर. त्यांनी दोन वाक्यं सांगितली तर म्हातारीला चैन पडेल, झोप लागेल.

"हात बघ कसा कापतोय," आई म्हणाली.

मी हात बघितला. बराच वेळ बघितला.

"मन घट्ट कर," मी म्हटलं. "आ कर."